चिली कॉन कार्ने बिघडते कुठे? या चुका टाळा

चिली कॉन कार्ने म्हणजे सुक्या मिरच्यांच्या रश्शात मंद शिजवलेलं मांस, अमेरिकेतल्या टेक्सासची खासियत. अमेरिकन रेसिपीत ‘तीन चमचे चिली पावडर’ वाचून घरचं लवंगी तिखट तीन चमचे घातलं, की संपलंच. तिकडच्या त्या डबीत सौम्य मिरचीबरोबर जिरं, ओरेगॅनो आणि लसूणही असतो. आपल्याकडे करायची तर ब्याडगी घ्या, जिरं-ओरेगॅनो वेगळं घाला.

टेक्सासची खरी चव मात्र अख्ख्या सुक्या मिरच्यांची. अँचो म्हणजे पिकवून वाळवलेली पोब्लानो मिरची, जोडीला ग्वाहियो ही दुसरी सुकी मिरची. देठ-बिया काढून मंद तव्यावर वास सुटेपर्यंतच शेका. काळी पडली तर रस्सा कडू होणार, मग साखर ओतून काही उपयोग नाही. गरम पाण्यात वीसेक मिनिटं भिजवून वाटा. भिजवणीचं पाणी आधी चाखा. कडवट लागलं तर सरळ ओतून द्या.

मांस खांद्याचं, तुकडे करून. बीफ खात नसाल तर बोकडाचं मटण चालेल. एकदम सगळं पातेल्यात टाकलं की पाणी सुटतं आणि खरपूसपणा येतच नाही. बीफ तासाभराने चिवट लागलं म्हणून आच वाढवू नका. मंद आचेवर दोन-अडीच तास लागतातच.

आता राजमा. १९७७ पासून चिली हा टेक्सासचा अधिकृत राज्यपदार्थ आहे, आणि तिथल्याच टर्लिंग्वा गावच्या मोठ्या चिली स्पर्धेत राजमा घालायला बंदी. घरी परीक्षक येत नाहीत, खुशाल घाला. पण वेगळा शिजवून, शेवटी. टोमॅटोच्या आंबटात कच्चा राजमा तासन्‌तास कडकच राहतो. स्लो कुकरमध्ये तर कच्चा टाकूच नका: आधी खळखळ उकळला नाही तर त्याने पोट बिघडतं.

अमेरिकेतल्याच सिनसिनाटी शहराच्या चिलीत दालचिनी बघून नाक मुरडणारे बरेच. १९२२मध्ये मॅसेडोनियातून आलेल्या किराजिएफ बंधूंनी ही चिली विकायला सुरुवात केली. ती स्पॅगेटीवर वाढतात, वर किसलेल्या चीजचा डोंगर. तिथे खिमा परतायचा नाही, कच्चाच गार पाण्यात कुस्करून उकळायचा. परतलात तर गुठळ्या राहतात, आणि दोष बिचाऱ्या दालचिनीला.

रस्सा पातळ राहिला तर पांढरं कॉर्नफ्लोअर नको, बुळबुळीत होतो. टॉर्टियाचं, म्हणजे मेक्सिकन पोळीचं, मक्याचं पीठ (मासा हरिना) चमचाभर घेऊन पाण्यात कालवून शेवटच्या पंधरा मिनिटांत घाला.