कर्नल अपडेट झालं आणि वायफाय गायब

लिनक्सचं कर्नल (ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा) अपडेट करून मशीन रीस्टार्ट केलं, तर वायफायचं नावच नाही. यूएसबी उपकरणं दाखवणाऱ्या 'एलएसयूएसबी' कमांडमध्ये वायफाय अडॅप्टर दिसत होता, पण नेटवर्क इंटरफेस दाखवणाऱ्या 'आयपी लिंक'च्या यादीत इंटरफेस नव्हता. म्हणजे हार्डवेअर ठीक, ड्रायव्हर बेपत्ता.

जुन्या कर्नलवर बूट करून, ड्रायव्हरची माहिती देणारं 'मॉडइन्फो' चालवलं. ड्रायव्हरची फाइल 'अपडेट्स/डीकेएमएस'मध्ये निघाली, म्हणजे तो कर्नलसोबतचा नव्हे, वेगळा बसवलेला ड्रायव्हर होता. इथेच उलगडा झाला. कर्नलसोबत येणारे ड्रायव्हर 'कर्नल/ड्रायव्हर्स/नेट'मध्ये असतात. कर्नलचा अंतर्गत इंटरफेस (ड्रायव्हर कर्नलशी ज्या फंक्शन्समधून बोलतात तो) बदलला, की बदलणाराच ते ड्रायव्हरही सुधारतो. वेगळा मिळणारा ड्रायव्हर मात्र प्रत्येक नव्या कर्नलसाठी पुन्हा कंपाइल करावा लागतो. त्या इंटरफेसच्या स्थिरतेची हमी कर्नलवाले देत नाहीत, तेही मुद्दाम.

डीकेएमएस हे टूल हे काम आपोआप करतं, पण नव्या कर्नलचे हेडर्स (कंपाइल करायला लागणाऱ्या फाइली) असले तरच. ते नव्हते. हेडर्स टाकले, नव्या कर्नलवर येऊन 'डीकेएमएस ऑटोइन्स्टॉल' चालवलं, वायफाय परत. (सही नसलेला कोड अडवणारं सिक्युअर बूट चालू असेल तर मॉड्यूलवर, म्हणजे ड्रायव्हरच्या फाइलवर, डिजिटल सही आणि 'मोकयुटिल'ने किल्लीची नोंदणी, हा वेगळाच व्याप.)

गंमत पुढेच. नव्या कर्नलमध्ये याच चिपचा ड्रायव्हर आधीपासून होता! वेगळ्या ड्रायव्हरच्या पॅकेजने 'मॉडप्रोब डॉट डी' या सेटिंगच्या फोल्डरमध्ये एका फाइलने त्याला ब्लॅकलिस्ट करून, म्हणजे लोड होण्यापासून रोखून ठेवलं होतं. ते पॅकेज आणि ती फाइल दोन्ही काढून टाकली. फर्मवेअर (चिपच्या आत चालणारा प्रोग्राम) मात्र तरीही वेगळ्या पॅकेजमधूनच येतं. कर्नलचे संदेश दाखवणाऱ्या 'डीमेसेज'मध्ये त्याची तक्रार दिसली तर 'लिब/फर्मवेअर' तपासा.