बाळाची कुंची आणि टोपडे क्रोशाने कसे विणावे

मराठवाड्यातील थंडी मोजून दीड-दोन महिन्यांची असते, पण ती असते तेव्हा कडाक्याची असते. डिसेंबर-जानेवारीत परभणीचा पहाटेचा पारा अनेकदा दहा अंशांच्या खाली उतरतो आणि त्याच दिवशी दुपारी बारा वाजता अंगणात उन्हाचा चटका बसतो. ज्या बाळासाठी आपण विणणार आहोत, त्याला हे दोन्ही ऋतू एकाच दिवसात सोसावे लागतात. म्हणून थंड डोंगरी प्रदेशांतील नमुने पाहून जाड लोकरीचे टोपडे विणण्याआधी थोडे थांबावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. ऊब दोऱ्याच्या जाडीपेक्षा विणीत अडकून राहिलेल्या हवेमुळे अधिक मिळते. मध्यम जाडीच्या सुती दोऱ्याची, किंचित सैल हाताने विणलेली कुंची पहाटे पुरेशी उबदार राहते आणि ऊन चढल्यावर बाळाला घामाने भिजवत नाही.

सूत निवडताना

बाजारात ज्याला सरसकट लोकर म्हणतात, ती बहुतेक वेळा ॲक्रिलिक असते. ती स्वस्त, हलकी आणि रंगाने देखणी असते, मशीनमध्येही टिकते, पण घाम शोषून घेत नाही. मी माझ्या भाचीच्या बाळासाठी विणलेली पहिली कुंची ॲक्रिलिकची होती. बारशाच्या दिवशी, मंडपातील गर्दीत, तासाभरातच बाळाच्या मानेवर घामोळ्यासारखे लाल पुरळ उठले आणि मी मोठ्या हौसेने घातलेली कुंची मलाच उतरवावी लागली. खरी मेंढीची लोकर ऊब उत्तम देते, पण आपल्याकडील दख्खनी मेंढीची लोकर भरड असते. तिची घोंगडी शेतात राखणीला बसणाऱ्याला आयुष्यभर साथ देते, मात्र नवजात बाळाच्या कातडीला ती टोचते. ज्या काळ्या मातीत कापूस पिकतो, तेथील बाळासाठी कापसाचाच दोरा घ्यावा, असे मी अनुभवाने म्हणते.

दुकानात दोरा हातात घेऊन पाहणे पुरेसे नसते, कारण बोटांची कातडी निबर झालेली असते. दोऱ्याचा गुंडा कोपराच्या आतील बाजूला आणि मग हनुवटीखाली गळ्याला हलका घासून पाहावा. तेथे किंचितही टोचला, तर तो बाळासाठी नाही. माझी मावशी गुंडा गळ्याला लावल्याशिवाय पैसे काढत नसे आणि माझ्याकडे वळून म्हणत असे, “लेकराला टोचतंय का बघ आधी, रंग मग बघ.”

रंगाचीही परीक्षा घरीच घ्यावी. हातभर दोरा कोमट पाण्यात भिजवून पांढऱ्या सुती कापडाच्या घडीत दाबून ठेवावा आणि तासाभराने घडी उघडून कापडाला रंग लागला आहे का ते पाहावे. लाल, गर्द निळा आणि जांभळा या रंगांबाबत ही काळजी अधिक घ्यावी, कारण बाळ टोपड्याची कड तोंडात घालून चोखणारच असते. एकाच वस्तूसाठी लागणारे सगळे गुंडे एकाच वेळी घ्यावेत आणि त्यांच्या पट्टीवरील रंगाच्या घाण्याचा, म्हणजे एका वेळी रंगवलेल्या दोऱ्याचा क्रमांक, ज्याला दुकानदार लॉट नंबर म्हणतात, सारखा आहे ना हे पाहावे. दोन घाण्यांमधला फरक दुकानातील ट्यूबलाइटखाली दिसत नाही, मात्र उन्हात वाळत घातलेल्या दुपट्यावर तो पट्ट्यासारखा उठून दिसतो.

पुढील सर्व हिशेब मध्यम जाडीच्या, आठ पदरी सुती दोऱ्याचा आणि 4 मिलिमीटरच्या सुईचा आहे.

टाके आणि नमुना-तुकडा

आपल्याला साखळी, मुका खांब आणि खांब एवढे तीनच टाके पुरतात. साखळीत सुईवरील फाशातून नुसता दोरा ओढायचा असतो. मुक्या खांबात सुई टाक्यात घालून दोरा ओढायचा आणि सुईवरील दोन्ही फासे एकदम सोडायचे असतात. खांबात आधी सुईवर एक वेढा घ्यायचा, मग टाक्यातून दोरा ओढायचा आणि सुईवर झालेले तीन फासे दोन-दोन करून सोडायचे असतात. इंटरनेटवरील नमुना पाहून विणणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अमेरिकी नमुन्यात डबल क्रोशे म्हणजे आपला खांब, पण ब्रिटिश नमुन्यात डबल क्रोशे म्हणजे आपला मुका खांब. नमुना कोणत्या पद्धतीचा आहे हे न पाहता विणले, तर टोपडे निम्म्या उंचीचे किंवा दुप्पट उंचीचे होते.

वस्तू सुरू करण्याआधी त्याच दोऱ्याने आणि त्याच सुईने साधारण बारा सेंटिमीटर लांब-रुंद तुकडा खांबांचा विणावा, तो धुवावा, सपाट वाळवावा आणि मगच त्याच्या मधल्या 10 सेंटिमीटरमध्ये किती खांब आणि किती ओळी बसतात हे मोजावे. धुण्याआधी घेतलेले माप सुती दोऱ्यात फसवते, कारण पहिल्या धुण्यात सूत आकसते. अनेक जणींना हा तुकडा विणणे म्हणजे वेळेचा अपव्यय वाटतो, पण बाळाच्या वस्तूंमध्ये एका सेंटिमीटरनेही फरक पडतो आणि पुढचे सगळे गणित या तुकड्यावर उभे असते. माझ्या हाताने 10 सेंटिमीटरमध्ये 16 खांब आणि 9 ओळी बसतात. तुमचा हात घट्ट असेल तर खांब अधिक भरतील. अशा वेळी सुई अर्ध्या मिलिमीटरने मोठी घ्यावी, हात बदलण्याचा प्रयत्न करू नये.

याच तुकड्यावरून दोरा किती लागेल हेही कळते. नेमका 10 बाय 10 सेंटिमीटरचा तुकडा बारीक तराजूवर 6 ग्रॅम भरला, तर 80 बाय 80 सेंटिमीटरच्या दुपट्यात असे 64 तुकडे मावतात, म्हणजे सुमारे 385 ग्रॅम दोरा लागतो. त्यात दहावा हिस्सा जास्तीचा धरावा. टोपड्याला 50 ग्रॅमच्या आतच भागते.

टोपडे

नवजात बाळाच्या डोक्याचा घेर साधारण 33 ते 36 सेंटिमीटर असतो, वर्षाच्या बाळाचा 45-46 सेंटिमीटरपर्यंत जातो. टोपडे डोक्याच्या घेरापेक्षा एक-दीड सेंटिमीटर कमी ठेवावे, म्हणजे ते घसरून डोळ्यांवर येत नाही. आपण 35 सेंटिमीटर घेराचे डोके धरू.

दोऱ्याचा सरकता फास करून त्यात 3 साखळ्या आणि 11 खांब विणावेत. या 3 साखळ्या प्रत्येक वेढ्यात, म्हणजे गोल ओळीत, पहिला खांब म्हणून मोजाव्यात, म्हणजे एकूण 12 खांब होतात. फासाचे टोक ओढून मधले भोक पूर्ण बंद करावे. दुसऱ्या वेढ्यात प्रत्येक टाक्यात दोन खांब घालून 24 करावेत. तिसऱ्यात एक टाका साधा आणि एक दुहेरी असे 36, चौथ्यात दोन साधे आणि तिसरा दुहेरी असे 48 होतात. लातूरच्या गंजगोलाईतून जसे सोळा रस्ते चहूकडे फुटतात, तशा या चकतीत मध्यापासून बारा वाटा फुटलेल्या दिसू लागतात आणि वाढवलेला प्रत्येक टाका त्या वाटांवरच पडत जातो. वाट वाकडी झाली की समजावे, मोजणी कुठेतरी चुकली आहे. चकती टेबलावर ठेवून पाहावी. ती द्रोणासारखी वर वळत असेल तर टाके कमी पडले आहेत, झालरीसारखी लाटत असेल तर जास्त झाले आहेत.

येथे बहुतेक नमुने आणखी बारा टाके वाढवून 60 करायला सांगतात. माझ्या मापाने 60 खांब म्हणजे 37.5 सेंटिमीटर, म्हणजे टोपडे डोक्यापेक्षा मोठे होणार. 48 वर थांबावे तर 30 सेंटिमीटर, म्हणजे कपाळावर वळ उठणार. म्हणून पाचव्या वेढ्यात सात टाके साधे आणि आठवा दुहेरी विणावा, की फक्त सहा टाके वाढून 54 होतात आणि घेर पावणेचौतीस सेंटिमीटर येतो. छापील नमुना आपल्या बाळाच्या डोक्याला असा जुळवून घेणे, याला मी रचना म्हणते. त्यासाठी चित्रकलेपेक्षा साधा भागाकार अधिक उपयोगी पडतो.

यानंतर सहा वेढे न वाढवता सरळ विणावेत. त्यावरचे शेवटचे दोन वेढे मात्र निराळे घालावेत. सूत लोकरीसारखे ताणून परत जागेवर येत नाही, त्यामुळे कडेला ताण देणारी वीण लागते. एक खांब खालच्या खांबाच्या पुढून सुई घालून उचलावा, पुढचा मागून उचलावा आणि असे आलटून-पालटून विणावे, की पन्हाळीसारखी कड तयार होते. टोपड्याची उंची मध्यापासून कडेपर्यंत साडेतेरा-चौदा सेंटिमीटर भरते.

कुंची

टोपड्याने डोके झाकते, कुंचीने डोके, कान, मान आणि पाठ एकाच वस्तूत झाकली जाते. आपल्या आज्या-पणज्यांनी खणाच्या नाही तर जरीच्या तुकड्यातून शिवलेल्या या वस्तूचा घाट इतका शहाणा आहे की, क्रोशात तो उतरवताना काहीही बदलावे लागत नाही.

आधी डोक्याचा भाग विणावा. चेहऱ्याभोवतीची कड 32 सेंटिमीटर धरली तर 52 खांब लागतात. त्यासाठी 54 साखळ्या घालून सुईपासून चौथ्या साखळीत पहिला खांब घालावा, म्हणजे सोडलेल्या तीन साखळ्या एक खांब म्हणून मोजल्या जाऊन 52 भरतात. अशा 12 ओळी विणाव्यात. सव्वातेरा सेंटिमीटर रुंदीची पट्टी तयार होते. ही पट्टी मध्यावर दुमडून शेवटच्या ओळीचे 26 खांब समोरच्या 26 खांबांना बोथट सुईने शिवावेत. शिवण आतल्या बाजूला जाड राहिली तर उताणे झोपलेल्या बाळाच्या डोक्याला ती रुतते, म्हणून फक्त बाहेरचे फासे एकमेकांना जोडत सपाट शिवावे.

आता खालच्या कडेला 24 ओळींची टोके येतात. सलग तीन ओळींतून दोन-दोन आणि चौथीतून एक असे खांब उचलत गेले की गळ्याभोवती 42 खांब होतात. पुढच्या ओळीत दर तिसऱ्या टाक्यात दोन खांब घालून 56, त्यापुढच्या ओळीत दर चौथ्यात दोन घालून 70 करावेत. येथून पुढे एक खांब, एक साखळी अशी बारीक जाळी पाठीवर 18 ते 20 सेंटिमीटर येईपर्यंत विणावी. जाळी याहून मोठी करू नये. रुमालावर किंवा तोरणावर शोभणाऱ्या मोठ्या जाळीत बाळाची बोटे अडकतात.

कुंचीला गळ्याशी लांब नाडी लावण्याची आपल्याकडे रीत आहे, पण मी ती कधीही लावत नाही. नाडी गळ्याला आवळू शकते. त्याऐवजी दोन्ही टोके छातीवर एकमेकांवर आणून एक टिचबटण चारही भोकांतून दुहेरी दोऱ्याने पक्के शिवावे आणि प्रत्येक धुण्यानंतर ओढून पाहावे. मोती, टिकल्या, लोकरीचे गोंडे आणि काळ्या बाहुलीसारखे सुटे दागिने बाळाच्या वस्तूवर नकोत. सुटलेली प्रत्येक वस्तू तोंडात जाते. बाळ झोपल्यावर कुंची आणि टोपडे काढून ठेवावे, कारण सैल कापड नाकावर सरकू शकते आणि डोके झाकले गेल्याने अंग जास्त तापते. कमी वजनाच्या किंवा दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाबाबत डॉक्टर सांगतील तसे करावे.

मोजे, दुपटे आणि मोठ्यांच्या वस्तू

पायमोज्यांसाठी तळवा मोजून त्यापेक्षा अर्धा सेंटिमीटर अधिक ठेवावा. नवजात बाळाला साधारण 9 सेंटिमीटरचा तळ पुरतो. तळ मुक्या खांबांचा घट्ट विणावा, वरचा भाग खांबांचा ठेवावा. विणून झाल्यावर मोजा उलटा करून आत एकही दोरा लोंबत नाही ना, हे बोट फिरवून पाहावे, कारण सुटा धागा बाळाच्या बोटाभोवती गुंडाळला जाऊन रक्त अडवू शकतो आणि बाळ का रडते आहे हे मोजा काढेपर्यंत कळत नाही. यासाठीच टोके कधीही गाठ मारून कापू नयेत. बोथट सुईत ओवून प्रत्येक टोक निदान सहा-सात सेंटिमीटर विणीतून न्यावे, मग उलट दिशेने थोडे मागे आणावे आणि त्यानंतरच कात्री लावावी.

दुपटे सर्वांत सोपे असते आणि सर्वांत वेळ खाते. सरळ खांबांच्या ओळी विणत जावे, दर ओळीच्या शेवटी टाके मोजावेत आणि चारही कडांना मुक्या खांबांचा एक वेढा घालावा. कोपऱ्यावर एकाच टाक्यात तीन मुके खांब घातले की कोपरा आत मुडपत नाही. उरलेल्या दोऱ्यातून बाळंतिणीसाठी कान झाकणारी रुंद पट्टी विणता येते. ती डोक्याच्या घेरापेक्षा चार-पाच सेंटिमीटर आखूड ठेवावी. मफलर किंवा शाल अशा मोठ्यांच्या वस्तूंना मात्र ॲक्रिलिकही चालते. पहाटेच्या एसटीने निघणाऱ्यांना ते हलके पडते.

सुती वस्तू कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवावी, पिळू नये, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबावी आणि बाजेवर सपाट पसरून वाळवावी. दोरीवर टांगली तर ओल्या सुताच्या वजनाने ती लांबते. ॲक्रिलिकच्या वस्तूला गरम इस्त्री लावू नये, त्याचा धागा वितळून कडक होतो. बाळंतविड्यात कुंची देताना तिच्या घडीत त्याच घाण्याचा पाच-सहा मीटर दोरा छोटा गुंडा करून ठेवावा, म्हणजे बाळाच्या आईला पुढे कधी एखादा टाका सुटला तर त्याच रंगाने तो भरता येतो.