डब्यातल्या चिल्लरीपासून नाणेसंग्रहापर्यंत

सातारा-सांगलीकडच्या जुन्या घरात शोधलं तर दोन ठिकाणी नाणी सापडतात. एक देव्हारा, तिथे लक्ष्मीपूजनाला निघणारे चांदीचे रुपये. दुसरी जागा माळ्यावरचा पत्र्याचा डबा, त्यात पाच-दहा-वीस पैशांची चिल्लर. नाणी जमवायची सुरुवात या डब्यातून करा. पहिले दोन महिने एकही नाणं विकत घेऊ नका. आपली नजर कशावर रेंगाळते ते आधी कळायला हवं.

आणि डबा उघडल्या उघडल्या नाणी धुवायला घेऊ नका. चिंच, लिंबू, राख, भांडी घासायची पावडर, काहीच नको. तांब्याच्या नाण्यावरचा तपकिरी-काळा थर म्हणजे मळ नव्हे. तो वर्षानुवर्षं धरलेला असतो आणि खालच्या धातूला सांभाळतो. आंबट लागलं की तो थर जातो, नाणं गुलाबी दिसायला लागतं आणि भिंगाखाली घासल्याचे ओरखडे उघडे पडतात. असं चकचकीत नाणं जाणता संग्राहक हातात घेतो आणि मुकाट्याने परत ठेवतो. माती खूपच असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये दोन दिवस बुडवून ठेवा, पाणी दोन-तीनदा बदला, मग मऊ सुती कापडावर टिपा. टिपा म्हणजे टिपाच, पुसू नका. पोपटी भुकटी पुन्हा पुन्हा उगवत असेल तर धातूला आतून कीड लागली आहे असं समजून ते नाणं इतरांपासून वेगळं ठेवा.

आता वर्गवारी. १ एप्रिल १९५७ ही तारीख मधोमध धरा. त्याआधी रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे, पैशाच्या ३ पै. त्यानंतर रुपयाचे १०० पैसे. १९६४ पर्यंतच्या नाण्यांवर ‘नये पैसे’ असं असतं, पुढे ‘नये’ गळालं. त्याच वर्षी नेहरूंच्या चेहऱ्याचा रुपया आणि पन्नास पैसे निघाले. स्वतंत्र भारताची ही पहिली स्मारक नाणी. षट्कोनी तीन पैसे किंवा कमळाचे पितळी वीस पैसे डब्यात असतील तर बाजूला काढा. किंमत फार नसते, पण दिसायला देखणी असतात.

खरी गोडी वर्षाखालच्या खुणेत आहे. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि साल जिथे छापलं आहे त्याच्या खाली पाहा. पत्त्यांतल्या चौकटीसारखी खूण असेल तर नाणं मुंबईच्या टांकसाळीचं, चांदणी असेल तर हैदराबादचं, गोल ठिपका असेल तर नोएडाचं. काहीच नसेल तर कोलकात्याचं. काही जुन्या हैदराबादी नाण्यांवर चौकटीच्या आत बारीक ठिपका असतो. तो झिजला की ते नाणं मुंबईचं म्हणून खपतं, नवखे इथे हमखास फसतात. एकाच सालची, एकाच किमतीची दोन नाणी खुणेमुळे वेगळी ठरतात हे ज्याला मजेचं वाटतं, त्याला हा छंद लागणार. ज्याला वाटत नाही त्याने नोटांकडे वळून पाहावं.

भिंगाबरोबर ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा, नाण्याचा व्यास-जाडी मोजायला एक व्हर्निअर आणि चुंबक घ्या. चांदीच्या रुपयावर या तिन्हींचा उपयोग कळतो. ब्रिटिश काळातला रुपया एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा. झिजून थोडं वजन घटतं, पण दहाच्या खाली गेला तर संशय घ्या. १९३९ पर्यंत त्यात ९१.७ टक्के चांदी होती, १९४० ते ४५ मध्ये निम्मी उरली आणि १९४६-४७ चे रुपये निकेलचे निघाले. त्यामुळे १९४७ चा रुपया चुंबकाला चिकटला तर घाबरायचं कारण नाही. १९२० चा चिकटला तर मात्र तो नकलीच. १९३९ चा रुपया दुर्मीळ, म्हणून त्याच्या नकला फार. सालाचा शेवटचा आकडा भिंगाखाली बघितल्याशिवाय हात लावू नका. ओतीव नकलेच्या कडेवर सांध्याची रेघ दिसते आणि पृष्ठभागावर बारीक खड्डे दिसतात.

आपल्या भागात शिवराईचा मोह कुणाला सुटत नाही. एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसरीकडे ‘छत्रपति’. नंतरच्या दुदांडी शिवराईवर मजकुराच्या मध्ये दोन आडव्या रेघा येतात. ही नाणी हाताने ठोकलेली. ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान, त्यामुळे अस्सल नाण्यावर एखादं अक्षर अर्धं कापलेलं असणं हेच नेहमीचं. दोन्ही बाजूंची सगळी अक्षरं नीट मधोमध बसलेली आणि कडा एकसारखी गोल असेल, तर विकणाऱ्याला दहा प्रश्न विचारा. ‘१८१८’ आणि ‘यूकेएल वन आना’ असं लिहिलेली, देवांची चित्रं असलेली ईस्ट इंडिया कंपनीची म्हणून विकली जाणारी नाणी मात्र प्रश्न न विचारताच परत करा. कंपनीने अशी नाणी कधी पाडलीच नाहीत.

मिळवायची कुठून? सांगलीच्या सराफ कट्ट्यासारख्या ठिकाणी मोडीत आलेलं चांदीचं नाणं वितळायच्या आत चांदीच्या भावाने मागता येतं. विटा, खानापूर, आटपाडीकडची कितीतरी माणसं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायच्या धंद्यासाठी देशभर पसरली आहेत. नात्यात कुणी गलाईवाला असेल तर त्याला सांगून ठेवा, मुशीत जाण्याआधी नाणं त्याच्या हातातून जातं. गळ्यात घालायला कडी लावलेलं नाणं दिसलं तर डाख दिल्याची, म्हणजे धातू वितळवून सांधल्याची जागा शोधा. कडी काढली तरी डाग राहतो, त्याला फक्त धातूचा भाव द्यावा.

साठवणीत सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे स्टेशनरीच्या दुकानातला मऊ, वास येणारा पीव्हीसीचा अल्बम. दोन-तीन पावसाळ्यांत त्यातून हिरवा चिकट थर सुटतो. तो थर काढायला काचेच्या वाटीत शुद्ध ॲसिटोन घेऊन नाणं काही मिनिटं बुडवा, खिडकी उघडी आणि गॅस बंद ठेवून. नेलपॉलिश रिमूव्हर चालत नाही, त्यात तेल आणि सुगंध असतो. पीव्हीसीच्या अल्बमऐवजी मायलर या पारदर्शक प्लॅस्टिकची खिडकी असलेले पुठ्ठ्याचे चौकोन वापरा आणि स्टेपलच्या पिना चपट्या करा, नाहीतर शेजारचं नाणं खरवडतं. पुठ्ठ्यावर साल, टांकसाळ, वजन, कुठून आणि कितीला मिळालं हे लिहा. महाबळेश्वर-पाटणच्या बाजूला राहत असाल तर हवाबंद डब्यात ओल शोषणारं सिलिका जेल टाका आणि जूनपासून महिन्याला बदला. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, कागदातलं आम्ल धातूला लागतं.

नोटांना स्टेपल, रबर आणि लॅमिनेशन वर्ज्य. २०१६ मध्ये बाद झालेल्या पाचशे-हजाराच्या नोटा ठेवत असाल तर २०१७ च्या कायद्याप्रमाणे साध्या माणसाला एकूण १० आणि अभ्यास किंवा संग्रहासाठी २५ नोटांची मर्यादा आहे. २६ वी गुन्ह्यात मोडते.

वैष्णोदेवीच्या पाच रुपयाला लाखो रुपये मिळतात अशा जाहिराती येतात. ते नाणं २०१२ मध्ये भरपूर निघालं, अजूनही थोडक्या पैशांत मिळतं. रिझर्व्ह बँकेचं नाव घेऊन कुणी आधी कमिशन किंवा कर भरायला सांगत असेल तर फोन ठेवा. बँक असे व्यवहार करत नाही, तसं तिने २०२१ मध्ये जाहीरही केलं आहे.

शेत नांगरताना हंडा किंवा नाणी लागली तर मात्र ती छंदाची बाब राहत नाही. १८७८ च्या भूमिगत निधीच्या कायद्यानुसार दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं जे निघेल ते जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. नाणी उचलण्याआधी सापडली त्या जागेचा फोटो घ्या आणि ती मातीसकट तशीच ठेवा.