बाळंतपणानंतर निरोध वापरायचा तर

मी यवतमाळकडच्या खेड्यात आशा सेविका आहे. बाळंतिणीच्या घरी सासू उठून आत गेली की हळूच प्रश्न येतो, "ताई, पाळीच आली नाही, मग दिवस कसे राहतील?" राहतात, बाई! बीज पाळीच्या आधी सुटतं. अंगावर पाजत नसशील तर तीन आठवड्यांनंतरही.

निरोधानं दूध आटत नाही. संबंधासाठी मात्र टाके भरेपर्यंत थांब, साधारण सहा आठवडे. अंगावर पाजताना आतून कोरडं पडतं, दुखतं, म्हणून गुळगुळीत, ओलसर निरोधच घे. वरून खोबरेल किंवा व्हॅसलीन अजिबात नको, त्यानं रबर कमजोर होऊन फाटतं. पाण्याचं जेल मेडिकलमध्ये मिळतं.

पाकिटावरची तारीख बघ. बोटानं दाबून बघ, आत हवेची फुगी लागली पाहिजे. चपटं असेल तर फेक. आपल्याकडे उन्हाळ्यात टिनाखालच्या पेटीत ते खराब होतात, आतल्या थंड खोलीत कपड्यांच्या घडीत ठेव.

दर वेळी नवा. फाटला तर दिवस राहू नयेत म्हणून 72 तासांच्या आत गोळीसाठी ये, रात्री आलीस तरी चालेल. निरोध उपकेंद्रात फुकट मिळतो. आणायला घरधन्यालाच पाठव.