छर्ऱ्यांचे चार डबे, एक रायफल: टेस्ट कशी करावी

माझ्या मावसभावाची काटोलकडे शेती आहे आणि घरात वडिलोपार्जित, परवान्याचं रिव्हॉल्व्हर. गेल्या मे महिन्यात तो नागपूरला आला तेव्हा मोबाइलवर अमेरिकेतले लोक घरच्या टेबलावर काडतुसं भरताना पाहून राहिला होता. म्हणाला, "दादा, आपणही थोडी कमी बारूद भरून पाहू ना. झटका कमी, खर्च कमी." त्याला दोन गोष्टी सांगितल्या. एक, शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार दारूगोळा बनवायला वेगळा परवाना लागतो. रिव्हॉल्व्हर बाळगायच्या परवान्यात ते येत नाही. दोन, कमी बारूद म्हणजे कमी धोका, हेही खरं नाही. जोर अपुरा पडला तर गोळी नळीतच अडकते, आणि मागून दुसरी झाडली की नळी फुगते किंवा फुटते.

पण त्याची हौस चुकीची नव्हती. आपल्या हत्याराला कोणता दाणा, म्हणजे गोळी किंवा छर्रा, मानवतो हे शोधण्यात मजा आहेच. ती मजा १० मीटरच्या एअर रायफलवर रीतसर घेता येते, आणि तिथे हेही कळतं की जोरापेक्षा सारखेपणा कामाचा.

हिशेब करून पाहा. मॅच, म्हणजे स्पर्धेच्या, एअर रायफलचा छर्रा साधारण ०.५३ ग्रॅमचा. तो सेकंदाला १७० मीटरने गेला तर १० मीटर जाईपर्यंत सुमारे १७ मिलिमीटर खाली येतो. हा खालीपणा दर वेळी तेवढाच असेल तर साइट, म्हणजे नेम धरायचं साधन, फिरवून जुळवली की विषय संपला. पण एखादा छर्रा १६७ ने निघाला तर तो आणखी ०.६ मिलिमीटर खाली लागतो. एअर रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि दशांश गुणांत प्रत्येक ०.१ म्हणजे पाव मिलिमीटर. म्हणजे वेगातल्या सेकंदाला तीन मीटरच्या फरकात दोन दशांश गेले, तेही नेमबाजाची काही चूक नसताना.

आता टेस्ट. चारपेक्षा जास्त प्रकार घेऊ नका, गोंधळ होतो. दोन कंपन्यांचे, प्रत्येकी डोक्याच्या दोन मापांचे डबे पुरेत, मापं ४.४९, ४.५० अशी डब्यावर छापलेली असतात. सगळे चपट्या डोक्याचेच घ्या. ते टार्गेटच्या कार्डात गोल, स्वच्छ भोक पाडतात. टोकदार छर्रा कागद फाडतो आणि मग मोजायचं काय, हा प्रश्न. डब्यांवर अ, ब, क, ड अशी चिठ्ठी लावा आणि बॅच नंबर आधीच वहीत उतरवा.

जागा क्लबची रेंज असली तर उत्तम. घरी करत असाल तर कार्डामागे छर्रा अडवणारी पेटी आणि तिच्यामागे पक्की भिंत हवी, दार किंवा खिडकी नको. त्या बाजूने पोरं येणार नाहीत याची सोय करा आणि डोळ्यांवर चष्मा लावा. अंतर टेपने मोजा, पावलांनी नाही. आणि एक खास नागपुरी सूचना: कूलर बंद करा. उन्हाळ्यात हे सांगणं जिवावर येतं, पण कूलरचा झोत कार्ड हलवतो आणि आपण छर्ऱ्याला दोष देत बसतो. त्यापेक्षा सकाळी सहाला उरकून घ्या.

रायफल टेकवायला वाळूची पिशवी लागते. जुन्या जीन्सचा पाय कापून दोन्ही टोकं शिवली की झाली. भावाने त्यात तूरडाळ भरायचं सुचवलं होतं. आईने ते ऐकलं, विषय मिटला. दाबलेल्या हवेच्या सिलिंडरवर चालणारी रायफल पिशवीवर घट्ट बसवली तरी चालते. स्प्रिंगची असेल तर मात्र हात सैल ठेवा, आणि हात दर वेळी त्याच जागी. स्प्रिंगची रायफल छर्रा नळीत असतानाच हलते. तिला आवळून धरलं की ती ग्रुप, म्हणजे कार्डावरच्या भोकांचा पुंजका, पसरवते.

झाडण्याआधी छर्रे काचेवर ओतून बघा. शिसं मऊ असतं, मागची कड, म्हणजे स्कर्ट, प्रवासात चेपते. चेपलेले बाजूला काढा. तोलून वेगळे करायची हौस असेल तर काटा ०.००१ ग्रॅम दाखवणारा हवा. मी इतवारीतून एक छोटा काटा आणला होता, ०.०१ ग्रॅमचा. अर्ध्या ग्रॅमच्या वस्तूला तो दोन टक्क्यांची चूक सहज पचवतो. म्हणून आता तो हळद मोजायला आहे.

डबा बदलला की पहिले दहा छर्रे मोजायचे नाहीत, नळीला नव्या शिशाची सवय होऊ द्यायची. त्यानंतर प्रत्येक कार्डावर दहा. क्रम आधी अ, ब, क, ड आणि लगेच ड, क, ब, अ. आपण थकत जातो, उजेड बदलतो, सिलिंडरचा दाब उतरतो. उलट क्रमाने हा भार सगळ्यांवर सारखा पडतो. जमलं तर डबा कोणता हे दुसऱ्याला ठरवू द्या आणि तुम्ही फक्त झाडा. महागड्या डब्याला आपला हात नकळत जास्त सांभाळून घेतो.

मी इथेच फसलो होतो. पहिल्या वर्षी पाचच छर्रे झाडले, सगळे जवळपास एका भोकात गेले, आणि त्या आनंदात दहा डबे उचलून आणले. पुढच्या रविवारी त्याच बॅचचा ग्रुप दुप्पट. पाच छर्ऱ्यांचा ग्रुप नशिबानेही जमतो. प्रत्येक डब्याची किमान चार कार्डं हवीत, आणि सरासरी बघायची. सर्वांत सुंदर कार्ड भिंतीवर लावा, निर्णयात धरू नका.

मोजायचं कॅलिपरने: सर्वांत दूरच्या दोन भोकांच्या बाहेरच्या कडा ७.३ मिलिमीटर भरल्या तर छर्ऱ्याचे ४.५ वजा करा, ग्रुप २.८ चा. आकाराकडेही बघा. उभा लांबट ग्रुप बहुतेक वेळा वेगातल्या फरकाचा असतो. दुसऱ्या डब्यानेही तसाच आला तर छर्ऱ्याला सोडा आणि रेग्युलेटर, म्हणजे दर वेळी हवेचा दाब सारखा ठेवणारा भाग, तपासून घ्या. आडवा पसरला तर आधी ट्रिगरवरचं बोट बघा.

सिलिंडरचं मात्र मनावर घ्या. एसीच्या खोलीत २७ अंशांना २०० बार भरलेला सिलिंडर सीताबर्डीला उन्हात उभ्या गाडीत ५७ अंशांना पोचला, की आतला दाब सुमारे २२० बार होतो. मेमध्ये बंद गाडीत ५७ म्हणजे काही फार नाही. सिलिंडर सोबत उतरवा. कंपनीने दिलेली मुदत संपली असेल तर तो वापरू नका, कितीही चकचकीत दिसो.

छर्रे हाताळताना खाणं नाही, तोंडात छर्रे धरणं तर नाहीच. काम झालं की साबणाने हात धुवा. शिसं पोटात गेलेलं लवकर निघत नाही.

डबा ठरला की त्याच बॅच नंबरचे मागवा. नाव, माप, किंमत तीच, पण बॅच वेगळी असेल तर तो वेगळा छर्राच समजा. आठवड्याला चार दिवस, दिवसाला ७५ छर्रे, म्हणजे वर्षाला सुमारे १५,६०० आणि ५०० च्या डब्याने ३१ डबे. एका दुकानात एका बॅचचे एवढे क्वचितच मिळतात. मिळतील तितके घ्या. उरलेल्यांसाठी वाळूची पिशवी माळ्यावर टाकू नका.