गोल्फचा सेट घेताय? या चुका टाळा

रेंजवर, म्हणजे गोल्फच्या सरावाच्या मैदानावर, शिकवताना दर आठवड्याला एकच चूक नव्या चेहऱ्यानं समोर येते. माणूस आज जसा स्विंग करतो, म्हणजे चेंडू मारायला काठी फिरवतो, त्याला साजेसे क्लब (काठ्या) घेत नाही. पुढच्या वर्षी जसा करीन म्हणतो, त्याला साजेसे घेतो.

सगळ्यात जास्त नुकसान करतो तो शाफ्टचा फ्लेक्स, म्हणजे क्लबच्या दांड्याचा ताठपणा. 'स्टिफ' घेतला की आपण खरे खेळाडू असं वाटतं, आणि 'सीनियर' लिहिलेला क्लब बॅगेत दिसायला नको असतो. ढोबळ हिशेब असा: ड्रायव्हरच्या (सगळ्यात लांब मारायच्या क्लबच्या) डोक्याचा वेग ताशी 75 ते 85 मैल असेल तर सीनियर, 85 ते 95 असेल तर रेग्युलर, 95 ते 105 ला स्टिफ, त्याच्या वर एक्स-स्टिफ. त्यातही कंपन्यांचं आपापसात एक माप नाही. एकीचा रेग्युलर दुसरीच्या स्टिफइतका ताठ निघतो, म्हणून शाफ्टवर छापलेलं नुसतं अक्षर वाचून क्लब घेऊ नका.

साठीला आलेले एक काका माझ्याकडे यायचे. न्यू जर्सीच्या पुतण्यानं येताना त्यांना ड्रायव्हर आणला होता, 9 डिग्री लॉफ्टचा, म्हणजे तोंड मागे तेवढंच कललेला. चेंडू दर वेळी बुटका, उजवीकडे, कुंपणाजवळच्या बाभळीत. आठ महिने मी त्यांची ग्रिप (क्लब धरायची पद्धत) बदलली, उभं राहणं बदललं, खांदे जास्त फिरवायला लावले. काकांच्या कोपराला पट्टा आला तरी ते मुकाट्यानं चेंडूंची बादलीमागून बादली संपवायचे. एके दिवशी ड्रायव्हर बाकावर आडवा पडला होता आणि ग्रिपच्या खाली शाफ्टवर नखाएवढं 'एक्स' छापलेलं दिसलं, म्हणजे एक्स-स्टिफ. वेग मोजला तर 78! मी रॅकमधला जुना 12 डिग्रीचा, सीनियर शाफ्टचा ड्रायव्हर त्यांच्या हातात दिला. पहिले तीन चेंडू तसेच गेले, कारण ताठ शाफ्ट वाकवायला अंगाची सगळी ताकद लावायची सवय जडली होती. चौथा वर चढला आणि सरळ गेला. काका तो पडेपर्यंत बघत राहिले, मग म्हणाले, "सर, मी इतके महिने पाठीला दोष देत होतो." दोष पाठीचा नव्हता आणि तो शाफ्ट मी पहिल्याच दिवशी बघायला हवा होता. आता नवीन माणूस आला की आधी बॅग उघडायला सांगतो, स्विंग नंतर.

पुतण्याचा ड्रायव्हर वाया गेला नाही. डोकं तेच ठेवलं, शाफ्ट बदलला आणि मानेजवळचा स्क्रू फिरवून लॉफ्ट दीड डिग्रीनं वाढवला. हळू स्विंगला लॉफ्ट जास्तच लागतो. कमी लॉफ्टनं चेंडू लांब जातो ही समजूत जोरदार मारणाऱ्यांपुरती खरी आहे.

वेग हा निम्मा हिशेब. दोघांचाही वेग 90 असेल, पण एक जण वरून झटक्यात खाली येतो आणि दुसरा सावकाश वळतो, तर दोघांना एकच शाफ्ट चालत नाही. झटका देणाऱ्याला थोडा ताठ बरा पडतो. मोजताना माझी एक सवय आहे: पहिले वीस चेंडू मोजतच नाही, पुढचे पंधरा मोजतो आणि त्यातलाही सगळ्यात लांब गेलेला सोडून देतो. लोक नेमका तोच एक चेंडू लक्षात ठेवून लाखभर रुपये देऊन बसतात.

दुसरी चूक आयर्नच्या (मधल्या अंतराच्या, धातूच्या पातळ डोक्याच्या क्लबांच्या) लांबीची आणि लायची. लाय म्हणजे शाफ्ट जमिनीशी किती उभा किंवा आडवा आहे तो कोन. उंच माणूस, म्हणून लांब क्लब, असं दुकानात सर्रास सांगतात. उंची नको, मनगटापासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजा. उंच माणसाचे हात लांब असले तर त्याला नेहमीचीच लांबी पुरते. लाय तपासायला मशीन लागत नाही. चेंडूवर मार्करनं जाड उभी रेघ ओढा, ती क्लबच्या बाजूला ठेवा आणि सात नंबरच्या आयर्ननं मारा. रेघ क्लबच्या तोंडावर उमटते. सरळ उभी उमटली तर लाय बरोबर. तिचं वरचं टोक टोच्या, म्हणजे शाफ्टपासून लांबच्या बाजूला झुकलं तर क्लब जास्त उभा आहे, आणि उजव्या हाताच्या खेळाडूचा चेंडू डावीकडे जाणार. हीलकडे, म्हणजे शाफ्टजवळच्या बाजूला झुकलं तर क्लब सपाट आहे, चेंडू उजवीकडे. पिंग कंपनीचे जुने आयर्न घेत असाल तर ठिपक्याचा रंग बघा: काळा म्हणजे प्रमाण, निळा उभ्या बाजूचा, लाल सपाट बाजूचा. फोर्ज्ड (ठोकून घडवलेले) आयर्न एक-दोन डिग्री वाकवून मिळतात. कास्ट (ओतीव) आयर्न घरी वाइसमध्ये धरून वाकवू नका, मानेतून तडा जातो. असे तडा गेलेले क्लब माझ्याकडे आले आहेत, आणि त्यांचं काहीच करता येत नाही.

बाबांचा जुना क्लब कापून मुलाला देणं तर बघवत नाही. कापल्यावर शाफ्ट आणखी ताठ होतो, डोकं मात्र मोठ्या माणसाच्या वजनाचंच राहतं, आणि पोर ते सावरायला सगळं अंग फेकतं. नंतर ती खोड काढायला वर्ष जातं.

ग्रिप, म्हणजे क्लबची रबरी मूठ, कारच्या डिकीत तापून कडक होते. ती कोमट पाण्यानं आणि भांड्यांच्या साबणानं धुवा, तरी घसरली तर बदला. जाडीचा अंदाज सोपा आहे: डाव्या हाताची मधली दोन बोटं तळव्याला जेमतेम टेकली पाहिजेत.

वेज म्हणजे जवळून चेंडू उंच उडवायचे, जास्त लॉफ्टचे क्लब. आजकालच्या सेटमधला पिचिंग वेज 44 डिग्रीच्या आसपास असतो. त्याच्यापुढे थेट 56 चा सँड वेज ठेवलात तर मध्ये मोठी फट पडते. 50 चा एक घ्या. वरून खोल खणणाऱ्याला जास्त बाउन्सचा (तळ जास्त फुगीर उताराचा) वेज, सपाट झाडणाऱ्याला कमी बाउन्सचा. एप्रिलमधल्या टणक जमिनीवर जास्त बाउन्सचा वेज आपटून उसळतो.

आणि शिकायला लागून तीन महिने होत नाहीत तोच पूर्ण फिटिंग, म्हणजे सगळे क्लब मापानं जुळवून, द्या म्हणणाऱ्यांना मी परत पाठवतो. चौदा क्लब ही नियमानं घातलेली कमाल मर्यादा आहे, तेवढे घ्यायलाच हवेत असं नाही. जुना हायब्रिड (लांब मारायला सोपा क्लब), सात नंबर, नऊ नंबर, सँड वेज आणि पटर (चेंडू भोकाकडे ढकलायचा क्लब) घ्या. स्विंग महिनाभर एकसारखा दिसायला लागला की या, मग मोजू.