पद्मिनी गरम झाल्यावर मिसिंग करते? आधी पॉइंट बघा

जुन्या प्रीमियर पद्मिनीत मिसिंग आलं, म्हणजे इंजिन मध्येच ठिणगी चुकवून धक्के देऊ लागलं, की लोक थेट कार्ब्युरेटर उघडतात. थांबा. इग्निशन बंद करून डिस्ट्रिब्युटरची (प्लगांना ठिणगी वाटणारा भाग) कॅप आणि आतला फिरणारा रोटर काढा, सीबी पॉइंट बघा, म्हणजे उघडझाप करून ठिणगी पाडणारी धातूची दोन टोकं. टोकं काळी पडली असतील तर पॉइंट फाइलने हलकेच घासा. पॉलिश पेपर नको, त्याचे कण मध्ये अडकतात. मग पेट्रोलने ओली केलेली चिंधी फिरवा. खोल खड्डा पडला असेल तर घासत बसू नका, नवा सेट टाका, स्वस्तच असतो.

आता दोन टोकांमधली फट, म्हणजे गॅप, मोजायची. इंजिन फिरवायला गाडी चौथ्या गिअरमध्ये हळूहळू ढकला. पॉइंटची टाच कॅमच्या (मधला फिरणारा, उंचवटे असलेला दांडा) उंचवट्यावर आली की टोकांमध्ये ०.४५ मिमीची फीलर पट्टी (फट मोजायची पातळ पट्टी) घाला. ती किंचित अडखळत सरकली पाहिजे. नसेल तर पॉइंटचा स्क्रू सैल करून गॅप जुळवा. स्क्रू आवळताना गॅप हमखास हलतो, म्हणून आवळल्यावर पुन्हा मोजा. कॅमला ग्रीस अगदी ज्वारीच्या दाण्याएवढं. जास्त झालं तर उडून पॉइंटवर बसतं आणि ते जळतात. गॅप बदलला की टायमिंगही (ठिणगी पडायची वेळ) सरकतं, तेही तपासा.

नवे पॉइंट काही दिवसांतच पुन्हा जळाले तर बहुतेक वेळा दोष कंडेन्सरचा, म्हणजे पॉइंटला जोडलेल्या, टोकांवरची ठिणगी दाबणाऱ्या छोट्या डबीचा.